भागूबाईनंतरची खुर्ची

ईस्टरचा सोमवार, २३ एप्रिल १९८४
वसई

फ्रेडरिक दादा,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मावशीचं घातलं आहे. माझं नाव पाहून तू हेही पत्र न फोडताच ठेवून दिलं असतंस, आधीच्या पत्रांसारखं. तुला माझ्याशी बोलायचं नाही, ठीक आहे. निदान वाच.

क्लेमेंटीन मावशीला कावीळ झाली आहे. गेल्या आठवड्यात झावळ्यांच्या रविवारी ती मिस्साच्या प्रार्थनेला बसू शकली नाही. गुड फ्रायडेला डोळे हळदीसारखे पिवळे. काल सणाचं म्हणून मी तिच्या आवडीची कोंबडी करून नेली, तर तिने वासानेच तोंड फिरवलं. आई गेल्यावर जिने स्वतःचं लग्न बाजूला ठेवून आपल्या दोघांना वाढवलं, गुडघे गेल्यावर 'तुझ्या गळ्यात धोंड नको' म्हणत जी आपल्या पायांनी वृद्धाश्रमात गेली, ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी गेले की विचारते, "फ्रेडीचं पत्र आलं का गं?" मी हो म्हणते. "काय लिहितो?" मग मी मस्कतच्या उन्हाबद्दल काहीतरी जुळवून सांगते. तिथे खरंच एवढं ऊन असतं का?

ती एकटी नाही. अँथनी मास्तर आठवतात ना? तुला, मला आणि तुझ्या सॅन्टनला एकाच छडीने पाढे शिकवले ते. तेही त्याच आश्रमात असतात, आणि त्यांची कावीळ मावशीपेक्षा वाईट आहे. शिवाय आणखी दोघी बायका. आश्रम चालवणाऱ्या सिस्टर बर्था यांनी विहिरीला दोष दिला. विहिरीत औषध टाकलं, पाणी उकळून द्यायला लागल्या. शेजारच्या आळीतल्या बाईने काविळीची माळ आणून मावशीच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, मावशी मात्र उठली नाही.

मी दातांची डॉक्टर. काविळीतलं मला काय कळणार, असं तू म्हणशील. पण मी तिथे रोज जाते, आणि जे दिसलं ते न दिसल्यासारखं करता येत नाही. विहिरीचं पाणी सगळेच पितात. सिस्टर पितात, स्वयंपाकघरातल्या बायका पितात, त्यांना काही नाही. ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही असे म्हातारे तर ठणठणीत आहेत. आजारी पडले ते चौघे दात असलेले. आणि चौघांनीही जानेवारीच्या शेवटी आश्रमात झालेल्या दंतशिबिरात दात काढून घेतले होते.

तुला समजेल असं सांगते. एका जातीची कावीळ रक्तात राहते. ज्याच्या रक्तात असते त्याला पुष्कळदा पत्ताही नसतो. त्या रक्ताचा अंश सुईला राहिला आणि तीच सुई दुसऱ्याच्या हिरडीत गेली की झालं. डोळे पिवळे व्हायला दोन-तीन महिने जातात, तोवर ती सुई कोणाला आठवत नाही.

शिबिर सॅन्टनने घेतलं होतं. एक पैसा न घेता.

थांब, पत्र चुरगाळू नकोस. चर्चमध्ये तिन्ही रविवारी लग्नासाठी नावं पुकारून झाल्यावर जिने तुझ्या जिवलग मित्राला नाही म्हटलं, तीच आता त्याच्यावर खापर फोडायला निघाली, हेच तुझ्या मनात येणार. गावाच्याही मनात हेच येईल. म्हणून गावात मी एका शब्दाने बोललेले नाही. आधी त्यालाच सांगणार आहे, तोंडावर. उद्या जाते.

रोझमेरी


६ मे १९८४

दादा,

तुझं उत्तर नाही. मी लिहितेच.

सॅन्टनच्या दवाखान्यात गेले. स्टेशनजवळ नवा केला आहे, तू पाहिला नसशील. मला दारात पाहून त्याने बाहेरच्या पेशंटांना थोडं थांबायला सांगितलं आणि चहा मागवला. मी सगळं सांगितलं. तुला माहीत आहे, चिडला की त्याचा आवाज चढत नाही, खाली जातो.

"मी दर पेशंटनंतर चिमटा स्पिरिटने पुसतो, रोझमेरी."

"हा जंतू स्पिरिटला भीक घालत नाही. आणि सुया?"

"उकळून नेल्या होत्या."

"सकाळी. दुपारी?"

त्याने कप फिरवला. "वीज गेली होती. सुया औषधाच्या पाण्यात घालून वापरल्या. बाहेर बाकांवर म्हातारी माणसं गाल धरून बसलेली. तू असतीस तर परत पाठवली असतीस?"

"हो."

"बोलायला काय जातं? किती शिबिरं घेतलीस तू?"

एकही नाही, दादा. आणि त्याने बरीच घेतली आहेत, तुळिंजला, कामणला, जिथे दाताचा डॉक्टर कोणी पाहिलेला नाही तिथे. हे मी त्याला म्हटलंही. मग तो म्हणाला, "अजून राग आहे का तुझा माझ्यावर?"

"राग तुला असायला हवा. नाही मी म्हटलं होतं."

"मग हे कशासाठी करतेस?"

"पुढचं शिबिर जुलैत आहे म्हणून."

तो उठला. "पुरावा आण," म्हणाला. "तोवर हे बाहेर बोललीस तर माझा दवाखाना बंद पडेल, आणि त्या म्हाताऱ्यांकडे पुन्हा कोणी फिरकणार नाही. दोन्ही तुझ्या माथ्यावर."

चहा तसाच राहिला. मी बाहेर पडले, पण त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबरच होतं. पुरावा पाहिजे.

माझी कॉलेजातली मैत्रीण रिटा मुंबईत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. त्या काविळीचा माग रक्तात काढायची तपासणी तिच्याकडे होते, ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात तिला. सिस्टर बर्थांची परवानगी काढली आणि शिबिरात खुर्चीवर बसलेल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. सगळे तयार झाले. एकटे अँथनी मास्तर म्हणाले, "रोझी, माझ्यात रक्त उरलंय का ते आधी बघ." हसवायला गेले आणि धाप लागली त्यांना.

निकाल काल आला. चौघांच्या रक्तात तो जंतू आहे. आणि पाचवीच्याही रक्तात आहे, जी ठणठणीत आहे, जिचे डोळे दुधासारखे पांढरे आहेत. भागूबाई.

तू तिला ओळखत नाहीस. चांदीपची, भातशेतीवाल्या घरातली. नवरा गेला, पोरं नाहीत, पुतण्यांनी आणून सोडली. मावशीची खाट आणि तिची खाट शेजारी. मावशी जपमाळ धरून रोजरी म्हणते, ती मांडीवर हात ठेवून ऐकते आणि शेवटी स्वतःच्या देवाचं नाव घेते. शिबिराच्या दिवशी तिचा गाल एवढा सुजला होता की ओरडून ओरडून तिने आश्रम डोक्यावर घेतला होता, म्हणून सगळ्यांनी मिळून तिलाच पहिली आत पाठवलं. हे तिथल्या कुणालाही विचार, सगळ्यांच्या लक्षात आहे. पहिली ती. त्यानंतर बाकीचे.

तिचा यात काय दोष? मला हे लिहावं लागतं आहे, कारण आता पुढे काय होईल याची मला धास्ती वाटते.

दादा, सॅन्टन माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. त्याला लिही.

रोझमेरी


२७ मे १९८४

दादा,

अँथनी मास्तर गेले. परवा संध्याकाळी दफन झालं. त्यांच्या हाताखालून गेलेली अर्धी वसई आली होती. तुझ्या नावानेही मी एक मूठ माती टाकली.

मावशी सावरते आहे. काल पेज प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली. तिची कुरकुर ऐकून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

सॅन्टन दफनाला आला होता. मागे उभा होता. निकालाचा कागद मी त्याला आठवड्यापूर्वीच नेऊन दिला होता. त्यानंतर आमची ही पहिली भेट. तो माझ्याकडे पाहायचं टाळत होता, आणि मीही त्या दिवशी काही विचारलं नाही. कबरीपाशी हिशेब मागायची मला लाज वाटली.

पण जिची धास्ती होती ती गोष्ट झाली. रक्तात काय निघालं ते आश्रमात फुटलं. कोणी फोडलं माहीत नाही. आता भागूबाईचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तिची खाट उचलून मागच्या पडवीत सरपणाशेजारी नेऊन टाकली. मास्तरांना तिनेच मारलं, असं एक म्हातारी तिच्या तोंडावर म्हणाली. मी गेले तेव्हा भागूबाई उंबऱ्यावर बसली होती.

"माझ्या तोंडात काय इख हाय का गं बाय?" मला विचारते. "पानी प्यायचा गिलास वेगला, बसायचा पाट वेगला. मी कोनाचा काय वाकडा केलाय?"

मी तिचा गिलास उचलला, त्यातलंच पाणी प्यायले आणि खाली ठेवला. गिलासाने हा जंतू जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे यात शौर्य काही नव्हतं. तिथून तशीच सिस्टर बर्थांकडे गेले.

सिस्टर वाईट बाई नाहीत. थकल्या आहेत. म्हणाल्या, "रोझमेरी, मी ठरवलंय. या आश्रमात आता दातांचं काम नाही. शिबिर नको, सुई नको. आणि भागूबाईच्या पुतण्यांना निरोप पाठवलाय, घेऊन जा म्हणून."

"आणि उद्या कुणाची दाढ सुजली तर?"

"लवंग देऊ."

"सिस्टर, लवंगेने पू थांबत नाही. हिरडीतला पू जबड्यात जातो. म्हातारा माणूस आधी खायचं सोडतो, मग उठायचं सोडतो. तुम्ही पाहिलं आहे हे."

"मग काय करू? सुई टोचली तर कावीळ, नाही टोचली तर पू. तूच सांग."

"सुई स्वच्छ करायची."

"स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? सॅन्टन डॉक्टरही स्वच्छच म्हणत होते ना?"

हत्यारांवरचे जंतू मारणारी खरी वाफेची पेटी, मोठ्या इस्पितळात असते तशी, आपल्याकडे कुठून आणायची? आणली तरी वीज कुठे आहे? पण मी म्हटलं, "मला महिनाभराची मुदत द्या. पुतण्यांना तोवर थांबवा. भागूबाई गेली म्हणून हे संपणार नाही, सिस्टर. ती आपल्याला माहीत झाली एवढंच. उद्या येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या रक्तात काय आहे ते तुम्हाला कसं कळणार? म्हणून प्रत्येकाला भागूबाई समजूनच हत्यारं धुवायची."

"तुझी मावशीही अशीच हट्टी," म्हणाल्या. पुतण्यांचा निरोप मागे घेतला. खाट मात्र अजून पडवीतच आहे.

रोझमेरी


१७ जून १९८४

दादा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पाहून केवढा आनंद झाला होता. 'सॅन्टनची बदनामी थांबव. एकदा त्याची मान खाली घातलीस, पुन्हा नको.' एवढंच? मावशीची चौकशीही नाही. तिला मी सांगितलं, तू तब्येत जपायला लिहिलं आहेस.

थांबवणार नाही. हे स्पष्ट लिहिते म्हणजे पुढे गैरसमज नको.

आणि तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोलले नाही, ते आता लिहून टाकते. तिसऱ्या रविवारच्या पुकाऱ्यानंतर सॅन्टन मला म्हणाला होता, लग्नानंतर दवाखाना एकच राहील, एका घरात दोन डॉक्टर कशाला? हसत म्हणाला, प्रेमाने म्हणाला. मला त्या हसण्याचीच भीती वाटली. मावशीने पानवेलींच्या मांडवाखाली उन्हातान्हात राबून मला शिकवलं ते कशासाठी, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो वाईट नाही. तेव्हाही नव्हता. म्हणून कारण गावात सांगितलं नाही, लोकांना माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोलू दिलं. आताही त्याची मान खाली घालायची असती तर एप्रिलातच चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलले असते.

आता कामाचं. रिटा म्हणाली, वाफ कोंडली की तिची उष्णता उकळत्या पाण्याहून वर जाते, आणि हा जंतू त्यापुढे टिकत नाही. आपल्या घराघरात वाफ कोंडायचं एक भांडं असतंच. प्रेशर कुकर! सिस्टरांच्या स्वयंपाकघरात पंगतीची डाळ शिजेल एवढा मोठा आहे. मी मागितला तर स्वयंपाकाच्या बायका दचकल्या. "दाढा उपटायच्या चिमट्यांना डाळीच्या कुकरात?" सिस्टर बर्था पुढे आल्या, स्वतः घासून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आजपासून डाळ पातेल्यात. हा परत येणार नाही."

हत्यारं शिजवते कशी ते तुला मजा म्हणून सांगते. हत्यारं आधी ब्रशने साबणाच्या पाण्यात घासायची, कारण वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोचत नाही. मग धुतलेल्या कापडात गुंडाळून जाळीवर ठेवायची, खाली पाणी, वर शिटी, आणि रॉकेलचा स्टोव्ह. विजेशी संबंधच नाही. वाफ भरली की पुरता वेळ जाईपर्यंत कुकरला हात लावायचा नाही, कितीही माणसं बाहेर ताटकळत असोत. पहिल्या खेपेची हत्यारं रिटाकडे तपासायला पाठवली तर त्यातल्या दोन कापडांत साधे जंतूसुद्धा जिवंत! मी डोक्याला हात लावला. मग लक्षात आलं, पुडकी मी ठासून भरली होती, वाफेला शिरायला जागाच नव्हती. सैल बांधून पुन्हा शिजवली. पुन्हा पाठवली. दुसऱ्या खेपेला रिटाच्या काचेच्या बशीत काही उगवलं नाही. तिसऱ्यालाही नाही. माझ्या दवाखान्यातही आता हेच चालू केलं आहे.

अडचण एकच. शिबिराला सगळ्यांसाठी पुरतील एवढ्या सुया आणि चिमटे माझ्याकडे नाहीत, आणि दिवसभरात एकटीने एवढे दात काढणं मला झेपणार नाही. दुसरा डॉक्टर हवा. वसईत मला एकच माहीत आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही.

तुझ्याशी भांडत भांडतच हे पत्र लिहिलं. तरी टाकते आहे.

रोझमेरी


१५ जुलै १९८४

दादा,

आज बसून सगळं क्रमाने लिहिते, कारण यात तुझाही हात आहे आणि तू तो माझ्यापासून लपवलास.

जूनच्या अखेरीस एका दुपारी सॅन्टन माझ्या दवाखान्यात आला. हातात दोन डबे. ते टेबलावर ठेवून उघडले. सुया, सिरिंजा, चिमटे, त्याच्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे. म्हणाला, "तुझा कुकर बघायचा आहे."

मी दाखवला. पुडकं कसं बांधतेस, वाफेचा वेळ कधीपासून मोजतेस, खोदून खोदून विचारत राहिला. मग स्टुलावर बसला.

"कॉलेजात शिकवलं नव्हतं असं नाही, रोझमेरी. शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण गर्दी वाढत गेली आणि मी रोज थोडं थोडं सोडत गेलो. काही होत नाही म्हणून आणखी सोडत गेलो."

तो पुढे म्हणाला, "फ्रेडरिकचं पत्र आलं होतं."

"मलाही आलं. तुझी बदनामी थांबव म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. "मला त्याने वेगळं लिहिलंय. माझी बहीण हट्टी आहे, तोंडाळ आहे, पण आयुष्यात खोटं बोललेली नाही. ती म्हणते तर एकदा तपासून बघ."

दादा, मला ओरडायचं आणि त्याला हे लिहायचं! मी मावशीला मस्कतच्या उन्हाच्या कितीतरी खोट्या गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे तुझं म्हणणं पुरतं खरंही नाही. पण त्या दुपारी मला कुकरची शिटी झाल्यासारखं मोकळं वाटलं. सॅन्टनसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी पुडकी बांधायला घेतली. तोही बांधू लागला.

काल शिबिर झालं. आश्रमाच्या मोठ्या खोलीत खिडकीशी खुर्ची मांडली. स्टोव्ह आणि कुकर मी मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवला, आत कुठे लपवला नाही. बाकांवर सगळे येऊन बसले होते, पण चेहरे असे की जणू मयताला आलेत. एकाच्याही हाताची घडी सुटलेली नव्हती.

सुरू करायच्या आधी सॅन्टन पुढे झाला. हे आमचं ठरलेलं नव्हतं. म्हणाला, "जानेवारीत इथे कावीळ पसरली ती माझ्या सुयांमुळे. विहिरीमुळे नाही, भागूबाईमुळे तर अजिबात नाही. तिचा दात मी काढला आणि पुढच्या माणसासाठी सुई नीट साफ केली नाही. मास्तर त्यात गेले. तुम्हाला मला काय म्हणायचं ते म्हणा."

कोपऱ्यातून कोणाचा तरी हुंदका आला. मावशी काठी टेकत उठली, पडवीकडे गेली आणि भागूबाईचा हात धरून तिला घेऊन आली. तिला आपल्या शेजारी बाकावर बसवलं. "सरक," शेजारणीला म्हणाली. ती सरकली.

भागूबाईचीच दाढ पुन्हा दुखत होती, दुसऱ्या बाजूची. मी हातमोजे चढवले, तिला खुर्चीत घेतलं. घाबरली होती, माझा पदर धरून बसली. दाढ किडलेली, पण मुळं घट्ट. बरंच रक्त आलं. ती बिचारी "आये, आये" करत होती. झाल्यावर कापूस दाताखाली धरून ती उठली आणि मी ती हत्यारं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घासली, गुंडाळली, कुकरात ठेवली. वाफ भरली. सगळे कुकराकडे बघत बसले.

वेळ झाला. कुकर निवला. मी पुडकं उघडलं आणि म्हटलं, "आता कोण येतं?"

कोणीही हललं नाही.

माझ्याकडे दुसरी पुडकी होती, भागूबाईच्या तोंडाला न लागलेली. ती काढून मी म्हणू शकले असते, चला, ही वेगळी आहेत. मग ते आले असते. पण मग भागूबाई पुन्हा पडवीत गेली असती, आणि ज्यांच्या रक्ताची आपल्याला माहितीच नाही त्यांच्यापुढे आम्ही पुन्हा आंधळेच राहिलो असतो. मी ती पुडकी बंदच ठेवली.

खुर्चीत मी बसले.

"सॅन्टन," मी म्हटलं, "माझे दात साफ करून दे. याच हत्यारांनी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "रोझमेरी, दुसरी आहेत की." अगदी हळू म्हणाला, पण चिडून नव्हे.

"या कुकरवर माझ्या तोंडाचा भरवसा नसेल तर यांच्या तोंडाचा ठेवायचा मला अधिकार नाही. कर."

मी तोंड उघडलं. तीन वर्षांपूर्वी ज्याला नाही म्हटलं त्याच्यासमोर, अख्ख्या आश्रमासमोर. त्याने नवे हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. चांगला हात आहे त्याचा, हे मी नेहमीच मानलं आहे. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण होतं, ते खरवडताना हिरडीतून रक्त आलं. मी चूळ भरून तस्तात थुंकले. लाल पाणी सगळ्यांनी पाहिलं. सिस्टर बर्थांनी छातीवर क्रूस केला. भागूबाई कापूस चावत माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

काम झालं तरी मी खुर्चीतून लगेच उठले नाही. खरं सांगायचं तर उठवेना. मनात म्हटलं, आता तरी कोणी आलं नाही तर काय?

तेवढ्यात फ्लॉसी आजी उठली. तीच ती, जिने भागूबाईला तोंडावर खुनी म्हटलं होतं. पाय ओढत माझ्यापाशी आली, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं झालं असेल तर ऊठ ना बाई. माझी दाढ कधीची ठणकतेय."

मी उठले.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं काम करत होतो. वाफ भरेपर्यंत सगळ्यांनी निमूट वाट पाहिली, घाई कोणी केली नाही. काही जण राहिले. त्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. कुणी तक्रार केली नाही. भागूबाईची खाट सिस्टरांनी स्वतः उचलायला लावली आणि पुन्हा मावशीच्या शेजारी आणून टाकली. रात्री जेवणात मऊ भात होता. दोघी एका ताटात नाही, पण एका बाकावर जेवल्या.

मावशीला मी आज खरं सांगितलं, की तू मला पत्र लिहीत नव्हतास, आणि सॅन्टनला काय लिहिलंस तेही. ती म्हणाली, "तुम्ही दोघं मूर्ख आहात. त्याला लिही, मी अजून मेले नाही, मला वेगळं पत्र पाहिजे."

तेव्हा दादा, तिला लिही. उन्हाबद्दलच लिही हवं तर.

तुझी बहीण,
रोझमेरी